दुपारचे ढेकूण

आमच्या इमारतीतले ढेकूण दुपारी चावत.

ही तक्रार पहिल्यांदा आणली ती तळमजल्यावरच्या भोंगाडेकाकांनी. काका सोसायटीचे सचिव, नोकरीतून निवृत्त झालेले आणि दुपारच्या झोपेबाबत फार काटेकोर. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते बाही वर सरकवूनच आमच्या दारात उभे राहिले. दंडावर तीन-तीनच्या ओळीत लाल गांधी उठल्या होत्या.

"रात्री पाठ टेकवली तर एक नाही," ते म्हणाले. "दुपारी डोळा लागला की पलटण निघते. साऱ्या नागपुरात ढेकूण रात्री काम करून राहिले, आमच्याच इमारतीत त्यांनी पाळी काहून बदलली? तू शिकलेली आहेस ना ढेकणांचं?"

मी ढेकणांचं शिकले नव्हते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, विषय गंधद्रव्यं. पण ज्या कंपनीत लागले होते ती ढेकणांवरच काम करायची, त्यामुळे इमारतीत माझी ओळख तीच झाली होती.

काकांना मी अर्धं उत्तर दिलं. ढेकूण रात्रीचा किडा असं आपण मानतो, ते फक्त बहुतेक माणसं रात्री झोपतात म्हणून. त्याला अंधाराचं फारसं कौतुक नसतं. तो ज्याच्या रक्तावर जगतो त्या माणसाच्या झोपेचं घड्याळ लावून घेतो. माणूस दिवसा झोपत असेल तर तोही हळूहळू दिवसाचा होतो.

उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं दिवसभर झोपणारा माणूस एकच होता, माझे बाबा. हेमराज निमजे, विमानतळाच्या मालगोदामात कायमची रात्रपाळी. सकाळी घरी येऊन जेवायचे आणि मधल्या खोलीत दिवाणावर झोपायचे ते दिवेलागणीला उठायचे. एप्रिलमध्ये एका दुपारी ते झोपेतच गेले. आई तेव्हा गच्चीवर होती. त्या दिवसानंतर ती गच्चीची पायरी चढली नव्हती. कपडे वाळत घालायलाही मीच जायचे.

म्हणजे भोंगाडेकाकांना चावणारे ढेकूण आमच्या घरून खाली उतरले होते. आणि बाबा जाऊन इतके महिने झाले तरी ते बाबांची वेळ पाळत होते.

*

फवारणी दोनदा झाली, उपयोग झाला नाही. ती औषधं ढेकणांनी केव्हाच पचवली होती. सोसायटीच्या सभेत ठरलं की उन्हाळ्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर निमज्यांच्या घरातलं कापसाचं आणि लाकडाचं सगळं सामान बाहेर काढून जाळायचं. काकांनी हे आईसमोर सांगताना नजर तिच्या चपलांवर ठेवली होती. मी म्हणाले, तशी वेळ येणार नाही, मी कंपनीतून झोप्या आणते.

त्या यंत्राचं छापील नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही त्याला झोप्या म्हणायचो. तत्त्व सोपं आहे. ढेकूण माणूस ओळखतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि कातडीच्या वासावरून. हे सगळं देणारं, पण रक्त नसलेलं एक धूड बनवायचं. झोप्या म्हणजे माणसाच्या धडाएवढी जाड सुती कापडाची लांबट पिशवी. तिच्यात ऊब देणाऱ्या तारा, वायूची नळकांडी, श्वासाचा भाता आणि वासांच्या चाळीसेक बारीक कुप्या. तोंड नाही, हात नाहीत. भोवती उथळ तबक. तबकाची बाहेरची कड खरखरीत आणि आतली काचेसारखी गुळगुळीत. ढेकूण बाहेरून चढतो, आत घसरतो आणि परत निघू शकत नाही.

पण त्याची करामत शिकण्यात होती. सुरुवातीला तो कुणाही माणसासारखा झोपतो. मग श्वासाचा वेग किंचित बदलून बघतो, उबेची जागा बदलतो, एखादा वास थेंबभर वाढवतो. तबकात पडणाऱ्या प्रत्येक ढेकणाची त्याला जाणीव होते. बदलानंतर जास्त ढेकूण आले तर तो बदल ठेवतो, कमी आले तर सोडून देतो. तुम्हाला कसा माणूस हवा, असं तो ढेकणांना विचारत राहतो, आणि ते येऊन किंवा न येऊन उत्तर देतात.

ढेकणांना उत्तर देता येतं, कारण त्यांना आवड असते. आदल्याच वर्षी आमच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आलं होतं. वस्तीतल्या विष्ठेच्या काळ्या ठिपक्यांत त्या माणसाच्या वासाचा अंश उरतो. नवी पिल्लं त्यातच वाढतात आणि तोच वास, तीच लय शोधत निघतात. एकेक ढेकूण मरतो, पण वस्तीची चव पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

जानेवारीत मी झोप्या घरी आणला. बाबांच्या दिवाणाची फळी उचलली, तर आतल्या पेटीत सुतळीने बांधलेली कापसाची गादी होती. निळ्या पट्ट्यांची, मधोमध बाबांच्या पाठीएवढा खोलगा पडलेली. शिवणींवर काळे ठिपके असे दाट होते, की लांबून ती कशिद्याची किनार वाटावी.

"ही तेरवीला दिली होती ना?" मी विचारलं.

"ती नवी होती," आई म्हणाली. "मामाने इतवारीतून आणलेली. शय्यादानात वापरलेलं कोण देतं आता."

ते खरं होतं. गेलेल्या माणसाचं अंथरूण त्याच्यामागे घरात राहू नये म्हणून ते द्यायचं, आणि देताना आपण दुकानातून नवं कोरं आणतो. बाबा ज्या गादीवर एकदाही झोपले नव्हते ती गुरुजींकडे गेली. ज्या गादीवर ते वीस-बावीस वर्षं झोपले, ती आईने पाहुण्यांची पाठ फिरताच दिवाणात ठेवली.

ती तिथेच उचलून फेकता आली असती. मी फेकली नाही. वस्ती हलवली की ढेकूण पांगतात, आणि इमारतभर आधीच पांगलेल्यांना परत बोलवायचं तर त्यांचं घर जागेवर असावं लागतं. हा निर्णय तांत्रिक होता आणि बरोबर होता. आजही मी तोच घेईन.

"म्हणजे राहू देऊ?" आईने विचारलं.

"सध्या राहू दे."

तिने फळी माझ्या आधी खाली लावली.

*

पहिले काही दिवस झोप्या त्या दिवाणावर पुस्तकातल्यासारखा झोपला. श्वास आत, श्वास बाहेर, मंद आणि एकसारखा. तबकात रोज ढेकूण पडत आणि मी ते साबणाच्या पाण्यात ओतत असे.

मग एका दुपारी मी घरून काम करत होते. आई मधल्या खोलीच्या दारात बसून भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होती. आतून भात्याचा आवाज येत होता. तो थांबला. वीज गेली असेल म्हणून मी वर पाहिलं तर पंखा चालू होता. आईचा हात सुपात तसाच थांबलेला. ती उठली, आत गेली, पिशवीच्या पायाकडच्या टोकाला बोटांनी दोनदा टिचकी मारली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो."

आतून खरवडल्यासारखा एक लांब श्वास आला. त्यामागे दोन छोटे. मग परत संथ.

बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार होता. घशाचे स्नायू सैलावतात, वाट बंद होते, माणूस काही क्षण श्वासच घेत नाही. डॉक्टरांनी झोपताना हवा देणारा मुखवटा दिला होता. बाबा त्याला हत्तीची सोंड म्हणायचे आणि लावायचे नाहीत. म्हणून दुपारची कामं आई त्या दारातच करायची. भाजी निवडणं, शिलाई, मोबाइलवर बहिणीशी बोलणं, सगळं एक कान आत ठेवून. श्वास लांबला की पायाच्या अंगठ्याला टिचकी आणि "अहो". मग तो खरवडलेला श्वास आणि दोन छोटे.

मी यंत्र उघडून पाहिलं. बिघाड नव्हता. थांबणं त्याने स्वतः शोधून काढलं होतं, आणि का ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. श्वास अडकला की बाबा अगदी निश्चल होत. त्या गादीतले ढेकूण तेव्हाच निर्धास्त पुढे यायचे. टिचकी बसली की बाबा कूस बदलत आणि ते मागे पळत. एवढं त्यांना माहीत होतं. झोप्याने विचारलं आणि त्यांनी तबकात पडून सांगितलं.

संध्याकाळी मी आईला हे सगळं समजावलं. यंत्र आहे, थांबलं तरी आपोआप सुरू होतं, टिचकीशी त्याचा संबंध नाही. तिने नीट ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पण हलवायला काय जातं?"

*

फेब्रुवारीत आई सुधारली. इतके महिने ती ताटावर नुसती बसायची, चिवडायची, उठायची. आता दोन पोळ्या खाऊ लागली. दुपारची कामं पुन्हा त्या दारात आली. इमारतीतल्या तक्रारी कमी झाल्या, कारण खालच्या मजल्यांवरचे ढेकूण नळांच्या खोबणीतून वर आमच्याकडे परतत होते. भोंगाडेकाका अभिनंदन करायला जिना चढून आले आणि जिन्यातच हसत म्हणाले, "वहिनी, कोण पाहुणा आणून ठेवला? दुपारी घोरून राहिला, आमच्या न्हाणीघरात ऐकू येते."

"यंत्र आहे ते, भाऊजी," आई म्हणाली.

काका आणखी काही बोलणार होते. पण आतला श्वास थांबला. काका बाबांबरोबर वर्षानुवर्षं कॅरम खेळले होते, आणि डाव रंगात असताना बाबांना बसल्या बसल्या डुलकी लागायची, श्वास असाच अडकायचा. आई आत गेली, "अहो" म्हणाली, तो खरवडलेला श्वास आला. काकांनी कठडा धरला. मग खाली उतरले. त्यानंतर ते आमच्या मजल्यावर आले नाहीत, कामं फोनवर सांगायचे.

मीही त्यातून सुटले नव्हते. एकदा कुप्या बदलताना मी पिशवीच्या वरच्या टोकाशी वाकले. खोबरेल, घाम, गोदामातल्या पुठ्ठ्याचा कोरडा वास आणि त्याखाली काहीतरी, ज्याला मी एम.एस्सी. असूनही नाव देऊ शकत नाही. लहानपणी गळ्यात पडल्यावर तो यायचा. त्या चाळीस कुप्यांत खोबरेल नव्हतं, पुठ्ठा नव्हता. होती नुसती आम्लं आणि अल्डिहाइडं, ढेकणांच्या पसंतीने मिसळलेली. मी तिथून उठायला हवं होतं त्यापेक्षा उशिरा उठले.

मार्च लागला तसं तबक रिकामं राहू लागलं. आणि झोप्या विसरू लागला. विचारायला कुणी उरलं नव्हतं. नवा बदल बरा की वाईट हे कळेना, तसा तो भरकटू लागला. थांबणं कधी चुकीच्या जागी यायचं, कधी यायचंच नाही. खरवडलेला श्वास गुळगुळीत झाला. वास पातळ झाला.

"याला काय झालं?" आईने विचारलं. तिच्या आवाजात आजारी माणसाच्या घरातली काळजी होती.

मी तिला खरं ते सांगितलं, नेहमीप्रमाणे कारणासकट. ढेकूण संपले. तो जे शिकला ते त्यांच्याकडूनच, आणि तेच त्याला दुरुस्त ठेवत होते. ते नाहीत, तर आठवणही नाही.

"म्हणजे तुझे बाबा होते त्यांच्यात," आई म्हणाली.

मी हो म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या ते खरंच होतं.

*

पंधरवड्याभरात बाबांचा श्वास परत आला, पूर्वीपेक्षा स्पष्ट. तबकात मात्र मोजके ढेकूण दिसत, आणि इमारतीतून एकही तक्रार नव्हती. हे गणित मला जुळवता येईना. आई ऐन उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालू लागली होती. तिचे ओठ फिके दिसत. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबे. मी रक्त तपासून घेऊ म्हणाले तर म्हणाली, ऊन आहे, बाकी काही नाही.

एप्रिलमध्ये शहरात दुपारबंदी लागू झाली. गेल्या तीन उन्हाळ्यांपासून ती असायची. पारा चढला की भर दुपारी कचेऱ्या, दुकानं, बांधकामं सगळं बंद. कामं पहाटे आणि संध्याकाळी. सारं नागपूर दुपारी झोपायचं. बंदीच्या पहिल्या दिवशी मी न कळवता लवकर घरी आले.

मधल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. झोप्या उचलून जमिनीवर ठेवला होता आणि तो तिथून संथ श्वास घेत होता. दिवाणाची फळी उघडी होती. आई पेटीशेजारी पाटावर बसली होती. उजवी बाही खांद्यापर्यंत वर केलेली, आणि हात आत, गादीच्या घडीत, कोपरापर्यंत. ती भिंतीला डोकं टेकून, पोर पाजायला बसलेल्या बाईसारखी निवांत बसली होती.

मला पाहून ती दचकली नाही. फक्त म्हणाली, "हळू. हलवू नको, पळतात."

मी तिचा हात धरून बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी दिसत नव्हती, नुसत्या गांधी. काही ढेकूण फुगलेले, काळपट लाल, अजून चिकटून होते. तबकात पडलेले ती साबणाच्या पाण्यात न ओतता परत गादीत सोडत होती. जे जगायला हवेत त्यांना खायला घालत होती.

मी ओरडले असेन. काय बोलले ते आठवत नाही. तिने बाही खाली ओढली आणि मग शांतपणे, पडद्याकडे बघत सांगितलं, की त्या दिवशी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. दुपारी त्या उलटायच्या असतात, नाहीतर तडकतात. शेजारीण म्हणाली, चला, पाच मिनिटांचं काम. वर गप्पा झाल्या. खाली आली तेव्हा खोली शांत होती. ती दारात बसली, मिरच्या घेतल्या, आणि श्वास परत यायची वाट बघत राहिली.

"मी बराच वेळ वाट पाहिली, ईशू," ती म्हणाली. "मला वाटलं आत्ताच थांबला असेल." मग म्हणाली, "आता थांबला की मी असते."

मी तिच्याजवळ खाली बसले. झोप्याचा श्वास आमच्या दोघींच्या मध्ये चालू होता.

"आई, तू त्यांना तुझं रक्त देते," मी म्हणाले. "ज्याचं रक्त मिळतं, ते त्यालाच शोधायला शिकतात. ते आता तुला शिकतील. बाबा पुसले जातील."

"काही पुसले नाही," ती म्हणाली. "ऐकत नाही का तू? किती साफ येऊन राहिला आवाज."

तिने त्या संध्याकाळी रक्त तपासू दिलं. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी लोहाच्या गोळ्या घेऊन आले. झोप्या मी त्याच वेळी बंद करू शकले असते. पण गादीत आता इमारतीतले सगळे ढेकूण एकत्र होते, आणि वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. मी आईशी सौदा केला. वर्षश्राद्धापर्यंत यंत्र चालेल, पण हात आत जाणार नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

*

वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी आई दारात बसली होती, मी हॉलमध्ये जमिनीवर पडले होते. बाहेर एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. खिडकीच्या गजांनासुद्धा हात लावता येत नव्हता. अर्धवट झोपेत मला फार ओळखीचं काहीतरी ऐकू आलं, आणि क्षणभर मी सहा-सात वर्षांची झाले. अंगावर चादर आहे, बाबा कामावर आहेत आणि आई माझ्या शेजारी झोपली आहे.

मी डोळे उघडले. आई दारात ताठ बसलेली होती. तो श्वास आतून येत होता. नाकातून येणारी बारीक शीळ, चार-पाच श्वासांनंतर एक उसासा, उसाशाच्या शेवटी जिभेचा किंचित चटकारा. बाबा रात्रपाळीला असताना माझं सगळं लहानपण मी या श्वासाशेजारी झोपले होते.

"थांबतच नाही आज," आई म्हणाली. ती टिचकीसाठी बोटं जुळवून बसली होती. "आणि हा आवाज वेगळा आहे. यंत्रात दुसरं कोणी आलं का गं?"

तिला ओळख पटत नव्हती. कशी पटणार? आपण झोपेत कसे असतो हे आपल्याला कधीच ऐकू येत नाही.

"आई," मी म्हणाले, "ती तू आहेस."

तिचा विश्वास बसला नाही. मग बसला. ती आत गेली, पिशवीशेजारी गुडघे टेकून बसली आणि स्वतःला झोपलेलं ऐकू लागली. शीळ, शीळ, शीळ, उसासा. तिने वाकून वास घेतला आणि चटकन मागे सरली, आरशात चुकीचा चेहरा दिसावा तशी. तरीही तिने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पायाकडच्या टोकाला टिचकी मारून हलक्या आवाजात "अहो" म्हणाली. झोप्या आपला तिच्याच श्वासाने झोपून राहिला. ज्यांना हाक मारायची ते तिथे नव्हते.

"मी अशीच झोपायची?" तिने विचारलं. "हे रात्रपाळीला जात होते तेव्हा?"

"हो. मस्त गाढ."

ती मग उठली आणि म्हणाली, "प्लास्टिक आहे का तुझ्याकडे? काळं?"

होतं. पन्नास अंशांवर ढेकूण टिकत नाही, अंडीही टिकत नाहीत. आणि नागपूरच्या गच्चीवर त्या दिवसांत काळ्या पिशवीच्या आत त्याहून कितीतरी जास्त होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त सगळे ढेकूण एका जागी यायला हवे होते, आणि ते काम आईने केलं होतं. आम्ही गादी पिशवीत घातली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि दोघींनी दोन टोकं धरली. गच्चीच्या दारापाशी तिचा पाय अडला. ती एकदा थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात उतरली.

गादी सिमेंटवर ठेवून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. पिशवी फुगली, सुरकुतली, परत फुगली. आई तिच्याकडे एकटक बघत होती. मध्येच उठली, चटके बसत असताना पिशवीपाशी गेली आणि कुरडया उलटतात तशी गादी उलटी केली. मग परत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी ती गादी आम्ही शहराबाहेर नेऊन जाळली.

*

नियम असा आहे की तबक सलग रिकामं राहीपर्यंत झोप्या चालू ठेवायचा. भिंतीत एखादी मादी राहिलेली असू शकते. त्यामुळे तो मधल्या खोलीत उघड्या दिवाणावर पडून असायचा. त्याला दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, आणि आईचा श्वास हळूहळू झिजून तो पुन्हा पुस्तकातल्यासारखा होत गेला. आईचे ओठ लाल होऊ लागले. ती हॉलमध्ये झोपायची आणि मी माझ्या छोट्या खोलीत, दुपारबंदीमुळे बाकीच्या शहरासारखीच दुपारी.

मेच्या मध्याला मी झोपून उठले तेव्हा आतला श्वास बदललेला वाटला. उथळ, जलद. आत घेतलेला श्वास वर क्षणभर धरून ठेवलेला आणि मग ओठांतून फुस्‌ करून सोडलेला. बाबा नव्हेत, आई नव्हे. कारखान्यातली मूळ लयही नव्हे; ती मला पाठ होती. मी भाता उघडला, नळ्या तपासल्या, झडप बदलली. तबकात तीन पिल्लं होती, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. पोटं लाल. भाता परत बसवला तर तोच श्वास पुन्हा सुरू झाला.

"बिघडलंय हे," मी स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. "काहीतरी भलतंच करून राहिलं."

आई कणकेचे हात घेऊन आली. दारात उभी राहिली. तिला दोन-तीन श्वास पुरले. तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मी बाबांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"बिघडलं नाही," ती म्हणाली. "ही तू आहेस. पाळण्यात होती तेव्हापासून अशीच झोपते. श्वास वर धरून ठेवते आणि मग सोडते. किती रात्री मी जागून पाहिलं, सोडते की नाही."

मी ऐकत राहिले. मला त्यात माझं काहीच ओळखू येत नव्हतं.

तिने माझी बाही वर सरकवली. कोपराच्या मागे, मला न दिसणाऱ्या जागी, तिने कणकेच्या बोटाने एक, दोन, तीन मोजलं. मी दोन दिवस त्याला घामोळं समजत होते. आतून माझा श्वास वर गेला आणि थांबला.

आई वाट बघत बसली नाही. ती वळली, आणि ज्या बटणाला तिने एवढ्या महिन्यांत कधी हात लावला नव्हता ते खाली केलं. पिशवी हळूहळू खाली बसली. खोलीत जानेवारीनंतर पहिल्यांदाच काही ऐकू येईनासं झालं.

"चल," तिने हात पदराला पुसले. "ऊन आहे तोवर तुझी गादी वर नेऊ."